गांगुर्डेबाईंचा उजवा कान

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावर गांगुर्डेबाईंच्या उजव्या हाताची खुर्ची कुणालाच नको असायची. डाव्या हाताला बसणाऱ्याशी बाई बोलत, त्याची थट्टा करत, डब्यातली जवसाची चटणी त्याच्यापुढे सरकवत. उजवीकडचा माणूस त्यांच्या लेखी नसल्यातच जमा. मी नवा होतो, म्हणून ती खुर्ची मला मिळाली. "बाई, जरा पेन्सिल देता का?" असं मी विचारलं की त्या समोरच्या दिव्यांकडे बघत राहत. नामपूरहून नाशिकला आलेल्या माणसाला निम्मं शहर शिष्टच वाटतं. बाई त्या निम्म्यातल्या, अशी मी समजूत करून घेतली आणि स्वतःची पेन्सिल आणू लागलो.

हे सत्तरच्या दशकातलं. तेव्हा पिंपळगाव बसवंतच्या कांद्याच्या व्यापाऱ्याला कलकत्त्याचा भाव हवा असला, की आधी आमच्याकडे कॉल नोंदवायचा आणि मग देवाचं नाव घेत बसायचं. आमच्यापुढे भिंतीसारखा उभा बोर्ड, त्यात भोकांच्या आणि दिव्यांच्या रांगा. दिवा लागला की त्या भोकात प्लग घालायचा आणि बोलायचं. हेडसेट एकाच कानाचा. उजवा हात कॉलच्या नोंदीची तिकिटं लिहायला लागतो म्हणून तो डाव्या कानावर चढवायचा. उजवा कान मोकळा. तो सुपरवायझरची आज्ञा ऐकण्यासाठी, असं आमचे सुपरवायझर पाटणकरसाहेब सांगत.

पाटणकरसाहेबांना आज्ञा देण्याची फार हौस. भर उन्हाळ्यात ते टाय लावून बोर्डामागून येरझारा घालत आणि "राष्ट्राच्या मज्जातंतूंवर आपली बोटं आहेत" असं एक वाक्य दर आठवड्याला म्हणत. वाक्य त्यांना कुठं सापडलं होतं कोण जाणे. पण सापडल्यापासून त्यांनी ते हरवू दिलं नव्हतं.

बाईंचा आवाज गोड नव्हता. गोड आवाज लांबच्या लाइनवर टिकत नाही, खरखरीत विरून जातो. बाईंचा आवाज खालच्या पट्टीतला आणि कडक, नवीन नोटेसारखा. मुंबईच्या, इंदूरच्या मुली तो ओळखत आणि आपली रांग मोडून नाशिकला लाइन देत. पिंपळगावचे एक शेठ रोज तक्रार करायचे. "बाई, सकाळधरनं बसलोय, कलकत्ता काय लागंना. लय नुकसान व्हतंय."

"शेठ, कांदा सडायच्या आत लावून देते."

"अन् सडला तर?"

"तर वास कलकत्त्यापर्यंत जाईल. मग फोन कशाला पाहिजे?"

शेठ हसत आणि पुन्हा तासभर थांबत. हे दुसऱ्या कुणाला जमत नसे.

नव्या मुलींना त्या एक गोष्ट शिकवत. "घाबरलेला माणूस लाइनवर आधी श्वास घेतो, मग बोलतो. श्वास ऐकू आला की प्लग काढायचा नाही. थांबायचं." रात्रीच्या बसनं घरी न पोचलेल्यांच्या बायका, दवाखान्यातून बोलणारे भाऊ, असे लोक बाईंनी नुसत्या श्वासावरून ओळखलेले मी पाहिले आहेत.

नाशिकरोडकडच्या एका वसाहतीत त्या आईबरोबर राहत. धाकटा भाऊ दिंडोरीला शाळामास्तर. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून त्या विहारात जात आणि तीच साडी नेसून कामावर येत. आमच्या ऑफिसातल्या काही विद्वानांना ती साडी खुपे. "सरकारचे जावई असतात तशा सुनाही असतात," असं कुणीतरी म्हणे आणि बाकीचे हसत. अशी वाक्यं बाईंच्या तोंडावर बोलण्याचं धाडस नव्हतं, म्हणून ती उजव्या बाजूनं, माझ्या खुर्चीमागे उभं राहून बोलली जात. बाईंची पापणी हलत नसे. त्यांच्या सहनशीलतेबद्दल माझ्या मनात मोठा आदर साठू लागला. पुढे कळलं, ती सहनशीलता नव्हती. निदान सगळी तरी नव्हती.

एका उन्हाळ्यात बाईंच्या डाव्या कानात फोड झाला. हेडसेट टेकवेना. त्यांनी तो काढला, उलटा केला आणि उजव्या कानावर चढवला. मुंबईच्या पहिल्या लाइनमध्ये प्लग घातला. "बॉम्बे, बॉम्बे," म्हणाल्या, थांबल्या, प्लग काढला.

"डेड आहे," म्हणाल्या.

दुसरी लाइन घेतली. तीही डेड. तिसरी, चौथी, सगळ्या डेड. ऑपरेटरला दुसरं काही सुचतच नाही. कानात आवाज आला नाही की लाइन मेलेली, हे आमच्या हाडात भिनलेलं. बाईंनी टेस्ट रूमला कळवलं. मुंबईच्या सगळ्या लाइनी गेल्या म्हणताच पाटणकरसाहेबांनी टाय घट्ट केला. इंजिनिअर धावले. थोड्या वेळानं टेस्ट रूमचा निरोप आला की सगळ्या लाइनी ठणठणीत आहेत.

बाईंनी पुन्हा प्लग घातला. "नाही हो. डेडच आहे."

मी माझा प्लग त्याच लाइनवर टाकला. मुंबईची मुलगी ओरडत होती. "नाशिक, झोपलात का? केव्हाची बोंबलतेय मी."

मी बाईंकडे पाहिलं. मी ऐकतोय हे त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी हेडसेट हळूच काढून दुखऱ्या डाव्या कानाला लावला. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. बोर्डावर दिवे लागत होते आणि त्या एकही प्लग उचलत नव्हत्या. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"देवरेभाऊ," त्या म्हणाल्या, "माझ्या या बाजूनं काहीतरी बोला. तोंडावर हात ठेवून."

मी तोंडावर हात ठेवला आणि बोललो. बाई समोर बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "बोललात?"

"बोललो."

"काय म्हणालात?"

"काही नाही. हवापाण्याचं."

मी 'घाबरू नका' असं म्हणालो होतो. ते आता सांगण्यात काही अर्थ नव्हता, कारण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि खरं सांगायचं तर माझाही पडला असावा.

त्या दिवशीची नोंद 'हेडसेट नादुरुस्त' अशी झाली. ऑपरेटरचा कान गेला की बोर्डावरून उठवतात आणि कुठल्या तरी कोपऱ्यात कागदांना भोकं पाडायला बसवतात. ही भीती आम्हा सगळ्यांनाच होती. बाईंची त्याहून मोठी होती. कान केव्हा गेला हेच त्यांना माहीत नव्हतं. रोज वापरायचा कान डावा. उजवा हळूहळू मिटत गेला आणि कुणी दखलच घेतली नाही, कान ज्यांचा होता त्यांनीसुद्धा. "घरातली एक खोली बंद व्हावी आणि आपल्याला पत्ता नसावा, तसं झालंय," असं त्या म्हणाल्या.

मग दुसऱ्याही खोल्या बंद होऊ लागल्या. तोंड पुसताना उजवा गाल दुसऱ्याचा वाटतो, म्हणू लागल्या. जिना उतरताना भिंतीला हात लावू लागल्या. एकदा दिवे गेले तेव्हा अंधारात उभ्या राहिल्या आणि तोल जाऊन सरळ माझ्या अंगावर आल्या. ऑफिसात त्यावरही विनोद झाले. ते नेहमीप्रमाणे उजव्या बाजूनं झाले.

शेवटी त्या सरकारी दवाखान्यात जायला तयार झाल्या. भावाच्या शाळेत परीक्षा होत्या, म्हणून मला चला म्हणाल्या. "डॉक्टर सांगेल ते ऐकायला दोन कान पाहिजेत. माझ्याकडे एकच आहे. आणि माझ्या डावीकडून चाला."

कानाच्या डॉक्टरांचं नाव शेख. पोरगेलेसे, फाटक्या अंगाचे, बोलताना टेबलावरची काडेपेटी फिरवत बसणारे. त्यांनी कानाआधी बाकी सगळंच तपासलं. डोळे मिटायला लावून नाकाशी कॉफीची पूड धरली. बोटामागे डोळे फिरवायला लावले. दात दाखवा, गाल फुगवा, खांदे उचला, जीभ काढा. घंटेसारखा घुमणारा एक चिमटा कानाशी धरला. मग कापसाची वात करून तिचं टोक डाव्या बुबुळाला हलकेच लावलं. पापणी फटकन मिटली. उजव्या बुबुळाला लावलं. डोळा उघडाच राहिला. कापूस डोळ्यावर टेकलेला आणि बाई शांतपणे समोर बघतायत, हे दृश्य पुढे कित्येक दिवस मला जेवताना आठवायचं.

नंतर त्यांनी कानात गार पाणी सोडलं. डाव्या कानात सोडताच बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले, बुबुळं एका बाजूला झटके देऊ लागली, खोली फिरतेय म्हणाल्या. उजव्या कानात पाणी सोडलं. काहीच झालं नाही.

"काही झालं नाही म्हणजे बरंच ना?" मी विचारलं.

"व्हायला पाहिजे होतं," डॉक्टर म्हणाले.

एक्स-रे झाले, मुंबईला जाऊन आणखी तपासण्या झाल्या, आणि मग शेखडॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. मेंदूच्या बुडाशी नसांच्या बारा जोड्या निघतात. वास, डोळे, चेहरा, कान, गिळणं, आवाज, जीभ, सगळा कारभार त्यांच्यावर.

"बारा पेअरची केबल," बाई म्हणाल्या.

"तसंच समजा. तुमच्या उजव्या बाजूच्या आठव्या नसेवर गाठ आहे. ती कानाची नस. गाठ कॅन्सरची नाही. पण वाढतेय, आणि तिथे जागा नाही. शेजारून सातवी जाते, चेहऱ्याची. वरच्या अंगाला पाचवी, तिच्यामुळे गाल बधिर झालाय. खाली नववी आणि दहावी. गिळायची आणि आवाजाची."

"आणि पलीकडे?"

"पलीकडे मेंदू."

काडेपेटी फिरायची थांबली होती. कॅन्सर नाही म्हणून आनंद करावा की जागा नाही म्हणून भ्यावं, हे मला ठरवता येईना. बाईंनी ठरवलेलं दिसलं. त्यांनी आधी श्वास घेतला.

"काढली नाही तर?"

"तर थोड्या वर्षांचा प्रश्न आहे."

"काढली तर?"

"कान गेलेलाच आहे. चेहऱ्याची उजवी बाजू बहुतेक जाईल. आवाजाचं मी सांगू शकत नाही."

"चेहरा जाऊ द्या," बाई म्हणाल्या. "बोर्डावर चेहरा कोण बघतं? आवाज तेवढा ठेवा. आवाज गेला तर मी कोण?"

डॉक्टरांना हे उत्तर येत नव्हतं. येत नाही ते येत नाही म्हणायचे, म्हणून मला ते आवडले. मुंबईच्या मोठ्या सर्जनना सगळंच येत होतं, असं बाईंच्या भावानं नंतर सांगितलं. त्यांच्यामागे वॉर्डात दिंडीसारखे शिकाऊ डॉक्टर चालत आणि ते बाईंशी न बोलता बाईंच्या एक्स-रे फोटोशी बोलत.

जाण्याआधी बाईंनी मला एक काम सांगितलं. "शेखडॉक्टर म्हणाले, ओठ गेले की प-फ-ब-भ-म जातात. आणि गळा गेला की सगळंच. मी मुंबईहून कॉल करीन. 'पिंपळगाव बसवंत' म्हणेन. त्यात ओठ आणि गळा दोन्ही तपासून होतात. तुम्ही बोर्डावर राहा."

"आणि बोलता नाही आलं तर?"

"तर भाऊ बोलेल. तेही तुम्हीच घ्या."

त्या गेल्या आणि बोर्डावर एक नवीन रोग पसरला. सगळे आपापला उजवा कान तपासू लागले. कुणी घड्याळ कानाशी धरी, कुणी बोटं चोळून बघे. 'सरकारच्या सुना' म्हणणारे गृहस्थ डबा खाताना अचानक गाल फुगवून आरशात बघताना मला सापडले. पाटणकरसाहेबांनीही एकदा जाता जाता विचारलं, "देवरे, जिन्यावरून उतरताना तुम्हाला कधी… नाही, सहज." मज्जातंतू राष्ट्राचे असतात तोवर त्यांच्यावर बोलणं सोपं असतं. मला हसण्याचा अधिकार नव्हता. मी रोज अंघोळीच्या वेळी कापसाचं टोक बुबुळाला लावून बघत होतो.

ऑपरेशनचा दिवस गेला. दुसरा गेला. मुंबईचा दिवा लागला की मी दुसऱ्या कुणाला प्लग उचलू देत नसे. पुरुषाचा आवाज आला तर तो भावाचा असणार. असे कितीतरी पुरुष त्या दिवसांत मला घाबरवून गेले, आणि सगळ्यांना फक्त द्राक्षांचा नाहीतर कांद्याचा भाव हवा असे.

मग एका दुपारी मुंबईची मुलगी म्हणाली, "नाशिक, हॉस्पिटलमधून कॉल. पार्टी देवरे."

"मीच देवरे. दे."

लाइन जोडल्याचा खट्ट आवाज आला. मग काही नाही. खरखरही नाही.

"नाशिक, पार्टी बोलत नाही. सोडू का?"

"थांब," मी म्हणालो. "सोडू नको."

कानावर हेडसेट दाबून मी बसलो. सगळा बोर्ड पेटला होता. आणि मग खूप लांबून श्वास ऐकू आला. एक. मग दुसरा.

"इंअळगाव," कुणीतरी घोगऱ्या, ओल्या आवाजात म्हणालं. थांबलं. "अअसवंत."

एकही प, एकही ब जागेवर नव्हता. पण पट्टी खालची होती आणि कड शाबूत होती.

"लाइन क्लिअर आहे, बाई," मी म्हणालो. "अगदी क्लिअर आहे."

पलीकडे त्या रडत होत्या की हसत, ते कळलं नाही. अर्ध्या चेहऱ्यानं दोन्ही सारखंच ऐकू येतं.

काही महिन्यांनी त्या परत आल्या; हेडसेटचा डावा कान शाबूत होता, म्हणून बोर्डावरच. उजवी बाजू ओघळलेली, उजवा डोळा मिटत नाही म्हणून कडेला टाके घालून अर्धवट शिवलेला, वर काळा चष्मा. वसाहतीतली लहान मुलं घाबरत, म्हणून त्या काही दिवस मागच्या गल्लीनं येत-जात. मग ते सोडून दिलं. "पोरांना सवय होईल. मला नाही होणार तर काय करायचं?" असं म्हणाल्या. बोलताना त्या बोटानं उजव्या ओठाचा कोपरा दाबून धरत. त्यानं प आणि ब बरे उमटत. पिंपळगावचे शेठ म्हणाले, "बाई, घसा बसला का काय? पर लाइन लागली बघा झटक्यात."

"तुमच्या कांद्यानं बसला, शेठ."

पाटणकरसाहेबांनी त्यांना बोलावून 'सेवेचा दर्जा' या विषयावर पुष्कळ सांगितलं. बाईंनी मान किंचित वळवून उजवा कान त्यांच्याकडे केला आणि शेवटपर्यंत अदबीनं ऐकून घेतलं. ही युक्ती त्यांना फार आवडली. तिथून पुढे जे ऐकायचं नसेल त्याच्याकडे त्या उजवा कान करत. मला एकदा विचारलं, "इतकी वर्षं त्या बाजूनं लोक काय काय बोलत होते?"

"हवापाण्याचंच."

"देवरेभाऊ, बाजूचं मला ऐकू येत नव्हतं. पाठीमागचं येत होतं," त्या म्हणाल्या आणि प्लग घातला.

एक गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली होती. गाठ पूर्ण काढलेली नव्हती. खालच्या नसांना एक तुकडा चिकटून होता. तो सोडवायला गेलं असतं तर आवाज गेला असता, म्हणून तेवढा ठेवला. तो वाढेल का? वाढेल. केव्हा? ते सांगता येत नाही. सर्जननी भावाला बजावलं होतं, की पाणी पिताना ठसका लागू लागला, तर एक दिवसही न थांबता घेऊन या.

त्यामुळे रोज सकाळी कामावर आल्यावर बाई उभ्या राहून पेलाभर पाणी पीत. घोट, थांबणं, घोट. मग रिकाम्या लाइनवर 'पिंपळगाव बसवंत' म्हणत. नव्या मुलींना वाटे, ही काहीतरी पूजा आहे. मी त्या वेळी तिकिटं चाळत बसे, पण कान पाण्याकडे असे. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला की दिवस सुरू होई. वर्षानुवर्षं आमचा दिवस असा सुरू झाला. भीतीची सवय होते असं म्हणतात. सवय होते ती पेल्याची. भीती रोज ताजी असते.

ऐंशीच्या दशकात लोक थेट नंबर फिरवून परगावी बोलू लागले आणि आमच्या बोर्डावरचे दिवे विझत गेले. माझी मालेगावला बदली झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी पाटणकरसाहेबांच्या निवृत्तीचा समारंभ होता. शाल, नारळ, आणि सत्कारमूर्तींचं स्वतःचंच लांबलचक भाषण. बाईंनी आपली खुर्ची अशी तिरपी ठेवली होती की राष्ट्राचे मज्जातंतू नेमके त्यांच्या उजव्या कानावर पडावेत. माझ्याकडे बघून त्या अर्ध्या तोंडानं हसल्याही.

भाषण संपलं, चहा आला. लोक कप घेऊन घोळक्यांत उभे राहिले. बाई खिडकीशी गेल्या. मी समोरच्या बाजूनं बघत होतो. त्यांनी एक घोट घेतला आणि त्यांना ठसका लागला.

कुणाचं लक्ष गेलं नाही. चहानं ठसका कुणालाही लागतो. बाईंनी थोडं थांबून दुसरा घोट घेतला, सकाळी घेतात तसा, तपासून बघायला. पुन्हा ठसका लागला. पदर तोंडाला लावून त्यांनी मान वर केली आणि घोळक्यातून नेमकं माझ्याकडे पाहिलं. आधी त्यांनी श्वास घेतला. तो मला एवढ्या गोंगाटातही दिसला.

मी कप कुणाच्या तरी हातात देऊन त्यांच्यापर्यंत पोचलो. तेवढ्यात त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. उजवा कान माझ्याकडे आला.

मी तरी बोललो. मुंबई म्हणालो, उद्याच निघा म्हणालो, मालेगाव थांबेल, मी येतो म्हणालो. तो कान माझ्यासमोर होता. केसांच्या कडेला ऑपरेशनचा वण, आणि खाली छोटी कुडी.

बऱ्याच वेळानं, खिडकीबाहेर बघतच, त्यांनी विचारलं, "बोललात?"

मी वळसा घालून त्यांच्या डावीकडे गेलो.

"बोललो."

"काय म्हणालात?"

त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि काळ्या चष्म्याआड अर्धा उघडा राहिलेला तो उजवा डोळाही बघत होता.

"हवापाण्याचं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि भरलेला कप खिडकीत ठेवून दिला.